गाडी भारी शे, पन रस्ता कोठे शे?

धाकट्या भावानं आखाजीच्या मुहूर्तावर जळगावात थार घेतली. डिझेल, फोर बाय फोर, काळा रंग, एमएच १९. श्रावणात धुळ्याहून मामा आले. मामांनी उमेदीची सगळी वर्षं शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला काढली. आधी कमांडर जीप चालवली, मग ट्रॅक्स. बोराडी, कोडीद, पळासनेर हा त्यांचा पट्टा. नव्या गाडीचं कौतुक ऐकायला त्यांच्याइतका जाणता माणूस आमच्या नात्यात नाही, आणि त्या कौतुकाला हरकत घ्यायलाही नाही. आमचं केळीचं शेत रावेर तालुक्यात सुकी नदीच्या अंगाला आहे. जळगाव ते शेत आणि दुसऱ्या दिवशी जळगाव ते धुळे, दोघांचा वाद सरता सरला नाही. मी मागच्या सीटवर होतो. प्रश्न एका गाडीपुरता नाही असं मला वाटतं, म्हणून ते बोलणं मांडतो. मामा मामाच; धाकट्याला घरात बापू म्हणतात, मला दादा.

बापू : मामा, पहिल्या दिवशी बसलो तेव्हा उंचीच जाणवली. कारमध्ये आपण खाली उतरून बसतो, इथे चढावं लागतं. भुसावळच्या रस्त्याला पुढचा ट्रॅक्टर, त्याची ट्रॉली, ट्रॉलीच्या पुढची मोटरसायकल, सगळं एका नजरेत येतं.

मामा : दिसतं, खरंय. पण फैजपूरच्या अलीकडे तू वळला तेव्हा मी वरची कडी धरली, ते पाहिलं का? उंच गाडीचं वजन वर असतं. कारच्या सवयीनं वळवू राहिला तू. आधी वेग उतरव, मग वळव. वळणात शिरल्यावर ब्रेक नको.

बापू : ते आता अंगवळणी पडू लागलंय. लोखंडी चौकटीवर बॉडी बसवलेली गाडी आहे, त्यामुळे मोकळी असताना थोडी उडते, वळणाला कलते. पण तीच चौकट खड्ड्यात पीळ सोसते. खालची मोकळी जागा २२६ मिलिमीटर आहे. आपल्या जुन्या कारचं पोट ज्या गतिरोधकाला घासायचं, तिथून ही सहज जाते.

मामा : आणि मागे दादा बसलाय तो?

मागे मी ठीक होतो. चढताना पुढची सीट लोटावी लागते, मागच्या काचा उघडत नाहीत, गुडघ्यांना जागा बेताची. ज्यांना कुटुंब न्यायचं आहे त्यांच्यासाठी २०२४ च्या ऑगस्टमध्ये पाच दारांची रॉक्स आली. बापूला ती नको होती. त्याचं ठिबकचं दुकान आहे, शेतावर तो बहुतेक वेळा एकटाच जातो.

सावद्याच्या पुढे मामांनी जीपचा विषय काढला. त्यांच्या काळात जीप हौसेनं कुणी घेत नव्हतं. मुंबईत १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी विलीज जीपचे सुटे भाग जोडून गाड्या निघू लागल्या. लष्कर, वनखातं, महसूल खातं, कालव्यावरचे इंजिनिअर यांच्या हातून उतरत ती खेड्यापाड्यात आली आणि काळी-पिवळी झाली. सातपुड्यात एसटी जिथे थांबते तिथून पुढे तीच. आत बसतील तेवढे आत, उरलेले टपावर आणि मागच्या फळीवर. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत पावरा बायाबापड्यांना, कोंबड्या-बकऱ्यांसकट, मामांनी याच गाड्यांनी आणलं आणि पोचवलं. ‘थार’ हे नाव २०१० मध्ये आलं. आजची पिढी २ ऑक्टोबर २०२० ला विक्रीला आली आणि शहरातल्या तरुणांनी ती उचलून धरली. थार नाशिकला तयार होते. ट्रॅक्स आणि गुरखा या गाड्या इंदूरजवळच्या पिथमपूरला. मुंबई–आग्रा रस्त्यानं पाहिलं तर धुळे या दोन्हींच्या दरम्यान येतं. वाट नसेल तिथे जाणाऱ्या गाड्या आपल्या उशा-पायथ्याशी तयार होतात.

डांबरी सोडली आणि शिवार रस्ता लागला. आदल्या रात्री पाऊस होऊन गेला होता. तापीच्या खोऱ्यातली काळी माती कोरडी असली की तिला भेगा पडतात आणि ओली झाली की ती काहीच सोडत नाही, ना पाय, ना चाक. बापूनं फोर-हाय लावलं आणि तिसऱ्या गिअरमध्ये गाडी पुढे काढली. पहिल्या शंभरेक पावलांवर टायरच्या खाचांत माती भरली. खिडकीतून डोकावलं तर आधी खाचा दिसत होत्या, मग दिसेनात. चाक रुळासारखं गुळगुळीत झालं. चारही चाकं फिरत होती आणि गाडी पुढे न जाता उजवीकडच्या चरीच्या दिशेनं आडवी सरकत होती.

मामा : पाय काढ. ब्रेक नको. चाक सरळ धर. हां, थांबू दे तिला.

बापू : मामा, फोर बाय फोर लागलंय! दिवा पेटलाय बघा.

मामा : लागलंय ना. चार चाकं ओढतात तशी चार चाकं घसरतातही. माझ्या जीपचं टायर सहा इंची होतं. ते चिखल कापून खालच्या कडक थराला लागायचं. तुझं दहा इंची. ते चिखलावर तरंगतं. रेतीत तुझं बरं, काळ्या मातीत माझं बरं. आता क्लच दाब, न्यूट्रल कर, दांडा फोर-लोला घे. रिव्हर्स गिअर. आलो त्याच चाकोरीनं मागे जाऊ, ती जागा आपल्याच वजनानं दाबली गेलीय.

गाडी मागे आली. मामा चपला हातात घेऊन उतरले आणि रस्ता चालून आले. सबंध, शेताच्या फाट्यापर्यंत. परत येऊन म्हणाले, डावी चाकं बांधाकडच्या हराळीवर घे, खाली मुरूम लागतोय, उजवी चाकोरीत राहू दे. फोर-लोमध्ये इंजिन आपल्या चालीनं चालतं, गॅस द्यावा लागत नाही. पुढच्या ओघळात पाणी होतं. या गाडीची पाण्यातून जायची मर्यादा साडेसहाशे मिलिमीटर सांगितलेली आहे, म्हणजे गुडघ्याच्या वर. मामांनी काठी बुडवून पाहिली, पोटरीच्या वर पाणी नव्हतं, आणि तळाला दगड लागला. तेव्हाच हो म्हणाले. पाण्याची खोली आकड्यानं कळते, तळ आकड्यानं कळत नाही, हे त्यांचं म्हणणं. मागच्या एका चाकाचा वेग दुसऱ्यापेक्षा फार वाढला की या गाडीचा मागचा डिफरन्शिअल आपोआप लॉक होतो; ओघळातून चढताना तो लागल्याचा धक्का मलाही जाणवला. बापूचा चेहरा फुलला होता. तो आनंद खरा होता, आणि मामांनीही त्याच्या पाठीवर हात ठेवला.

शेत आलं. पण बांधाला टेकून उभे राहिलो तेव्हा मामांनी विचारलं ते मी विसरणार नाही.

मामा : गाडी भारी शे भो, पन रस्ता कोठे शे?

बापू : म्हणजे?

मामा : तू पोचला. केळीचा ट्रक पोचतो का इथे?

बापू : नाही. तो डांबरीवर उभा राहतो. इथून घड ट्रॅक्टरनं नेतो. पाऊस जास्त असला तर ट्रॅक्टरही अडकतो, मग मजूर डोक्यावर नेतात. घड घासले की साल काळी पडते आणि व्यापारी भाव पाडतो. दर पावसाळ्यात हेच.

मामा : मागच्या वर्षापर्यंत फोनवर तू दुसरं काही बोलत नव्हता. रस्ता, रस्ता, रस्ता. आखाजीपासून एकदा तरी तलाठ्याकडे गेला का? सरपंचाला भेटला का?

बापू : नाही गेलो. पण मामा, गेलो असतो तरी काय? अडचण कचेरीत नाही, इथे आहे. या रस्त्याला लागून सात जणांची शेतं आहेत. प्रत्येकानं नांगराचं एकेक तास रस्त्यात घुसवलंय. पूर्वी दोन बैलगाड्या एकमेकींना वाट द्यायच्या, आता एक ट्रॅक्टर जेमतेम मावतो. चरीपलीकडच्या काकांशी बाबांचं बोलणंच बंद आहे. सातही जण एका जागी बसणार कसे? त्यापेक्षा मी माझा प्रश्न सोडवला.

मामा : तेच म्हणू राहिलो मी. तू तुझा सोडवला. सात जणांत बोलणारा, लिहिणारा, शहरात ओळखीपाळखी असलेला तूच एक होता. तुझं चाक रुतायचं तेव्हा तू भांडत होता. आता रुतत नाही, तर गप्प झाला. उरलेले सहा जण कुणाच्या तोंडाकडे पाहतील?

बापू : तुम्ही माझ्यावर उलटवताय हे. जुलैत रात्री सालदाराच्या बायकोच्या पोटात दुखायला लागलं. फोन आला तसा मी जळगावहून निघालो, मळ्यापर्यंत गाडी घातली आणि तिला फैजपूरला दवाखान्यात नेलं. ही गाडी नसती तर तिला खाटेवर घालून डांबरीपर्यंत न्यावं लागलं असतं. पावसात. अंधारात.

मामा : ते केलं ते लाख मोलाचं. त्यावर मी एक शब्द बोलणार नाही. पण बापू, तू जळगावहून यायला दोन तास लागले असतील. रस्ता असता तर गावातली रिक्षा पंधरा मिनिटांत मळ्यात आली असती. एकशेआठची ॲम्ब्युलन्स आली असती. ती बाई दोन तास तळमळली ती गाडी नव्हती म्हणून नाही.

बापू गप्प झाला. मला तेव्हा मामांचं पटलं आणि आजही पटतं. दुर्गम शिवारात पोचणारं वाहन घेणं हा गुन्हा नाही. ज्याला परवडतं त्यानं जरूर घ्यावं. पण सोय झाली की तक्रार थांबते, आणि गावात सोय आधी त्यांचीच होते ज्यांच्या तक्रारीला वजन असतं. ज्याला बोअर खोल नेता आला तो सार्वजनिक विहिरीबद्दल बोलेनासा होतो, ज्याच्या घरी इन्व्हर्टर आला तो भारनियमनाबद्दल. शिवार रस्त्याचं तेच होऊ लागलंय. आणि यात तोटा बापूचाही आहे, कारण त्याची केळी थारमधून जात नाहीत.

कायदा तर बापूच्या हाताशी होता. मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ चा आहे. शेतात जायच्या वहिवाटीच्या रस्त्यात कुणी अडथळा केला तर त्याच्या ५ व्या कलमाखाली तहसीलदार तो काढायचा हुकूम देऊ शकतो. दावा मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत लावावा लागतो. मुळात रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या १४३ व्या कलमाखाली दुसऱ्याच्या बांधावरून वाट मागता येते. शिवार आणि पाणंद रस्त्यांसाठी रोजगार हमीची जोड देऊन राज्यानं २०२१ मध्ये ‘मातोश्री’ नावाची योजना आणली. गाव नकाशावर गाडरस्ता दोन तुटक रेषांनी दाखवलेला असतो आणि पायरस्ता एका तुटक रेषेनं. ज्याच्या नकाशात दोन रेषा आहेत त्याची अर्धी लढाई झालेली असते. एवढं असूनही कागद पुढे सरकत नाही, कारण त्यावर पहिली सही ज्यानं करायची त्याच्याच बांधावर रस्त्याची फूटभर जागा असते.

दुसऱ्या दिवशी मामांना पोचवायला धुळ्याकडे निघालो. बांभोरीच्या पुलावरून गिरणेचं पात्र दिसलं आणि बापूनं परत तोंड उघडलं.

बापू : बघा मामा, रेती. तुम्हीच म्हणाला, रेतीत रुंद टायर बरं. पाणी उतरलं की हवा कमी करून एकदा उतरवायची आहे. ओळखीची मुलं जातात, व्हिडिओ टाकतात.

मामा : जाऊ देत. तू नको. उन्हाळ्यात पात्रात टरबूज-डांगराच्या वाड्या असतात. ज्याला जमीन नाही तो नदीत वाडी करतो. वरून तुला रेती दिसते, खाली त्याचे वेल असतात. आणि यावल अभयारण्यात, पालच्या जंगलात शिरायच्या गोष्टी तर माझ्यासमोर करूच नको.

बापू : जंगलातल्या रस्त्यानं गेलं तर काय बिघडलं? तुम्ही जन्मभर गेला.

मामा : मी रस्त्यानं गेलो, आणि माणसं घेऊन गेलो. पाड्यावर जायला दुसरं काही नव्हतं. तू मौजेला जाणार, आणि ज्याच्या पिकातून, ज्याच्या रानातून गाडी जाईल तो तुला अडवूही शकणार नाही, कारण गाडी मोठी आणि माणूस लहान.

कायदाही तेच म्हणतो. यावल अभयारण्य १९६९ पासूनचं आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या २७ व्या कलमानुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही. पण मामांचा मुद्दा कायद्याचा नव्हता.

बापूचं एक म्हणणं मात्र मला मामांपेक्षा बरोबर वाटलं. पारोळ्याच्या पुढे, चौपदरी रस्त्यावर गाडी एका चालीला लागली तेव्हा तो म्हणाला :

बापू : मामा, तुम्ही मौज म्हणता ना, ती मौजही हवी. माझ्या वर्गातली निम्मी मुलं पुण्याला गेली, ती आखाजी-दिवाळीलाच येतात. मी इथे राहिलो. दुकान, शेत, उधारी, पाऊस. ही गाडी आल्यापासून मी मनुदेवीला पावसाळ्यात गेलो, पाटणादेवीला गेलो, कन्नडच्या घाटातून आई-बाबांना घेऊन गेलो. सातपुडा रोज दिसत होता, जवळ गेलोच नव्हतो. शेतावर महिन्यातून एकदा जायचो, आता आठवड्याला जातो. जावंसं वाटतं म्हणून जातो. ते खोटं आहे का?

मामा : खोटं नाही. पण अठरा-एकोणीस लाखांची मौज आहे ती.

बापू : आहे. हप्ता आहे, आणि डिझेल गाडीला १० ते २० लाखांच्या टप्प्यात रोड टॅक्सच १४ टक्के भरलाय. शहरात दुकान ते घर एवढीच चालवली की धुराच्या फिल्टरचा दिवा लागतो. काजळी जाळायला तिला मोकळा रस्ता द्यावा लागतो. सगळं ठाऊक होतं, तरी घेतली.

मामा : रोड टॅक्स भरला म्हणतो. मग रोड माग की!

मामा मोठ्यानं बोलले, पण रागानं नाही. ज्याला गाडीची ओढ असते त्यालाच गावाचीही ओढ लागू शकते, एवढं बापूच्या बोलण्यातून त्यांनाही कळलं असावं. मला वाटतं, आनंदानं शेतावर जाणारा माणूस नाइलाजानं जाणाऱ्यापेक्षा रस्त्यासाठी जास्त भांडू शकतो, त्याला कुणीतरी तसं सांगायला हवं.

मुकटीच्या पुढे त्यांनी बापूला गाडीचे धडेही दिले. डांबरीवर फोर-हाय लावायचं नाही, कारण वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा मारतात. चिखलात चाक घसरून तो फरक सुटतो, डांबरावर तो ताण गिअरांवर येतो. घाट उतरताना चढायला लागेल तोच गिअर, न्यूट्रल कधीही नाही. टो करायचा पट्टा गाडीत ठेवायचा आणि तो हुकात अडकवायचा, बंपरात नाही. बापू ऐकत होता.

धुळ्याला घरी पोचल्यावर चहा झाला आणि मामांनी गाव नकाशा मागितला. बापूच्या फोनमध्ये होता. ठिबकच्या कामासाठी काढून ठेवलेला. मामांनी चष्मा लावून बोटानं पडदा मोठा केला. आमच्या शिवारातून सुकीकडे जाणाऱ्या दोन तुटक रेषा स्पष्ट होत्या.

मामा : गाडरस्ता आहे. नवीन मागायचा नाही, आहे तो मोकळा करायचाय. आपल्या गटानं किती घेतलाय?

बापू : बांधालगतची केळीची एक ओळ रस्त्यात आहे. यंदाची मृगबाग आहे, जूनमध्ये लावली.

मामा : मग आत्ताच काढ. रोपं लहान आहेत तोवर निघतील. घड लागल्यावर तुझा हात होणार नाही.

बापू : ठिबकची नळी नवी अंथरलीय त्या ओळीला.

मामा : नळीचं काम तुझंच आहे. उचल आणि आत घे. पहिली ओळ तुझी निघाली की दुसऱ्याला सांगायला तोंड राहतं. अर्जावर पहिलं नाव तुझं घाल, खाली सहा जागा मोकळ्या ठेव.

बापू : बाकीचे ऐकतील एकवेळ. चरीपलीकडच्या काकांचं काय? बाबा त्यांच्याकडे जाणार नाहीत.

मामा : माझं आणि त्यांचं बरं आहे. त्यांच्या लग्नाचं वऱ्हाड मीच नेलं होतं कमांडरमध्ये. रविवारी एसटीनं रावेरला येतो. तू स्टँडवर गाडी घेऊन ये, येताना काकांना घरून घे आणि पुढे बसव. पाऊस असला तरी ये. असला तर बरंच.